देव न मानणाऱ्या झाडेबाई

झाडेबाई देव मानत नव्हत्या हे नालवाडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही कोणाच्याही घरचा प्रसाद त्यांना पोचल्याशिवाय राहत नसे. सत्यनारायणाचा शिरा, हनुमान जयंतीचा बुंदा, महालक्ष्म्यांची आंबील, सगळं वाटीतून त्यांच्या दारी जायचं आणि वाटी धुऊनपुसून परत यायची. नव्यानं शेजारी राहायला आले तेव्हा मी त्यांना हटकलं होतं. म्हटलं, तुमचा विश्वास नाही, मग प्रसाद कसा चालतो? त्या शिरा खातखातच म्हणाल्या, "रव्यावर इस्वास हाये माहा. तुपावर बी हाये." मी मनात म्हटलं, काय आगाऊ बाई आहे.

मी स्वतः देवभोळी. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळं करते. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो, मी मराठीला आणि त्या विज्ञानाला. त्या मला कधी नावानं हाक मारत नसत, "ओ मराठीवाल्या" म्हणत. आमच्या घरांची भिंतही एकच, त्यामुळे माझ्याकडे साबुदाण्याची उसळ फोडणीला पडली की वास पलीकडे जायचा आणि पाचव्या मिनिटाला बाई दारात. उपास माझा आणि उसळ त्यांची, हा करार आमच्यात कोणी न करताच झाला होता. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

बाई अंगानं थोराड, आवाज शाळेच्या मैदानापलीकडे ऐकू जाईल असा. कपाळ मोकळं, पण दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या. नव्या माणसाचा यामुळे फार घोटाळा व्हायचा. बांगड्या बघून बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, कपाळ बघून ओशाळायच्या. बाईंचं म्हणणं साधं होतं. बांगड्यांचा आवाज त्यांना आवडायचा. कुंकवानं कपाळाला खाज सुटायची. यात नवऱ्याचा काय संबंध, असं त्या विचारायच्या.

नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. कावीळ झाली होती. सासरच्यांनी दवाखान्यात न नेता काविळीची माळ घातली. माळ जसजशी लांब होईल तसतसा रोग उतरतो अशी समजूत. माळ चांगली पोटापर्यंत आली आणि माणूस गेला. त्यानंतर बायका जमल्या आणि त्यांनी बाईंच्या बांगड्या फोडल्या. ही हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता. मी हळहळले. म्हटलं, म्हणून तुमचा देवावरचा विश्वास उडाला असेल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्याईले असंच वाटते, नवरा मेला म्हणून हिनं देव सोडला. तसं नाई. माणसं मरतेच. पण माळ घालणारे ते, अन् बांगड्या फोडल्या माह्या. काऊन, म्हणून मी इचारलं. कोणी म्हणे रीत हाये, कोणी म्हणे शास्तरात हाये, कोणी म्हणे देवाची मर्जी. मी एकाले सोडून दुसऱ्याले इचारत गेली, तं आखरीले देवापरेंत जाऊन पोचली. तिथं कोणीच नोयतं."

एवढं बोलून त्यांनी पुढचा पेपर ओढला आणि कोणा पोरानं हृदयाला पाच कप्पे काढले होते म्हणून त्याच्या नावानं ओरडायला लागल्या.

कोणतीही रीत पुढे आली की बाई एकच विचारायच्या, "हे बाप्याईले लागू हाये का?" पुरुषांना लागू असेल तर पुढे बोलू, नसेल तर चहा मांडा. हरतालिकेला मी निर्जळी असताना त्यांनी आमच्या ह्यांना अगदी गोडीत विचारलं, की भाऊजी, बायको जगावी म्हणून तुमचा उपास कोणत्या वारी असतो? हे हसले, मग विचारात पडले, मग पेपर वाचायला आत गेले. तेव्हापासून हरतालिकेच्या दिवशी हे निदान माझ्यासमोर तरी चहा पीत नाहीत. एवढा धर्मबदल आमच्या घरात झाडेबाईंनी केला.

शाळेत संक्रांतीला आम्ही शिक्षिका मधल्या सुट्टीत हळदीकुंकू करायचो. बाई तेव्हा नव्या होत्या. आम्ही सगळ्या वाण लुटत होतो आणि त्या खिडकीपाशी डबा खात बसल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, पण त्या नुसत्या बघत होत्या, प्रयोगाकडे बघावं तसं. पुढच्या संक्रांतीला त्यांनी आधीच जाहीर केलं, की यंदा वाण माझ्याकडून. सगळ्यांना बोलावलं. शाळेत झाडू मारणारी कौसाबाई, जिला नवऱ्यानं टाकलं होतं ती लायब्ररीवाली, लग्न न झालेली ड्रॉइंगची मॅडम, विधवा, सवाष्ण, सगळ्या. हळद नाही, कुंकू नाही, नुसता तिळगूळ. आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक टेस्टर, विजेचा करंट बघायचा असतो तो. मग फळ्यावर आकृती काढून, फ्यूज गेला तर नवरा घरी येईपर्यंत अंधारात कसं बसू नये, याचा तास घेतला. मुख्याध्यापकांच्या बायकोला हा अपमान वाटला. माझा टेस्टर अजून मसाल्याच्या डब्याशेजारी आहे आणि तो सणावारापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे मला कबूल करावं लागतं.

शारदेच्या पूजेला मोठ्या वर्गातल्या काही मुली हॉलबाहेर व्हरांड्यात उभ्या राहायच्या. का, ते सगळ्यांना माहीत आणि बोलत कोणी नाही. एका वर्षी बाई जाऊन त्या मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली बाई त्या रांगेत बघून पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही बाहेर काऊन? बाई म्हणाल्या, सर, या पोरी बाहेर काऊन आहेत ते तुम्ही माइकवर सांगा, मग मी माझं सांगते. सरांनी घसा खाकरला, रुमाल काढला, घाम पुसला. तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, चला, सगळ्याच आत चला, उगाच उशीर होते. त्यानंतर आमच्या शाळेत ती रांग लागली नाही. बाई मात्र पूजेला आत येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि आरतीला उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत. मला ते अजिबात आवडलं नाही. बाकी सगळे उभे असताना एकटीनं बसून राहायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

त्यांच्यात दोष होते आणि ते लहान नव्हते. वेळकाळ कळायची नाही. माझ्या सासूबाईंच्या तेरवीला त्यांनी भटजींना गाठून विचारलं, की म्हातारीच्या नावानं पलंग-गादी दान घेता, जिवंतपणी ती खाली सतरंजीवर निजत होती ते तुम्हाला माहीत होतं का? खरं होतं ते. पण ऐंशी पाहुण्यांसमोर बोलायचं खरं नव्हतं. मी पूर्ण उन्हाळा त्यांच्याशी बोलले नाही. त्याही समजूत काढायला आल्या नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर एकादशी आली, मी उसळ टाकली, आणि पाचव्या मिनिटाला दारात बांगड्या वाजल्या. मी दुसरी प्लेट काढली.

आता मंदाचं सांगते, कारण झाडेबाई मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या मंदापायी.

मंदाचं घर आमच्या दोघींच्या समोर. मंदा अल्लीपूरची आणि झाडेबाईंचं माहेरही अल्लीपूरच, म्हणून ती त्यांना आत्या म्हणायची. तिचा नवरा गजाननभाऊ जामच्या चौरस्त्यावर ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान चालवतो. माणूस वाईट नाही. दारू नाही, मारणं-झोडणं नाही. पण घरात पहिला शब्द त्याचा आणि शेवटचाही त्याचाच, मधे कोणाला जागा नाही. मंदा इतकी हळू बोलायची की विरजण मागायला आली तरी दारात नुसती उभी राहायची, आपणच बघून विचारायचं.

अशा या मंदाच्या अंगात नवरात्रात अष्टमीला देवी यायची. गल्लीत आरती सुरू झाली की तिचा श्वास जड व्हायचा, अंबाडा सुटायचा, आणि ती घुमायला लागायची. आवाज असा यायचा की गल्लीतली कुत्री गप्प बसावीत. बायका तिला हळदीकुंकू वाहून ओटी भरायच्या आणि पोरांची लग्नं, नोकऱ्या, दुखणी विचारायच्या. वर्षभर नवऱ्याला 'अहो' म्हणणारी मंदा त्या दिवशी त्याला "गज्या, इकडं ये" म्हणायची आणि गजाननभाऊ जमिनीला कपाळ टेकवायचा. मीही पाया पडले आहे. झाडेबाई आपल्या ओट्यावरून बघत असत. हसत नसत, उठूनही जात नसत.

मंदाची मुलगी रोशनी बारावी झाली आणि तिला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्याच सुमाराला गजाननभाऊनं तिच्यासाठी स्थळ पाहिलं. मुलाचा जामला हायवेवर ढाबा होता, घर खाऊनपिऊन सुखी. गजाननभाऊनं होकारही देऊन टाकला. मंदा रडली ती आमच्या दोघींसमोर, घरात नाही. त्या अष्टमीला देवी आली आणि तिनं पहिलंच वाक्य टाकलं, "गज्या, माही पोरगी शिकल्याबिगर तिले हळद लावशील तं याद राख." गजाननभाऊनं नाक घासलं. आठ दिवसांत रोशनी नागपूरला गेली.

मला हायसं वाटलं. म्हटलं, बघा, देवीनं पोरीचं भलं केलं, आता काय म्हणता? झाडेबाई वाद न घालता घरात निघून गेल्या, आणि हे मला नवीन होतं.

थोड्या दिवसांनी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी काही कॉलेजची पोरं त्यांच्याकडे आली. बाई त्यांच्या शिबिरांतून बोलायला जायच्या. त्या पोरांना मंदाच्या देवीची खबर लागली होती आणि पुढच्या वेळी गल्लीत येऊन, सगळ्यांसमोर, अंगात येण्यात काही खरं नसतं हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. बाईंनी चक्क नाही म्हटलं. पोरं चिडली. मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलं आणि आता शेजारीण म्हणून सवलत देता, असं एकानं सुनावलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिची देवी तुमी पाच मिनिटात काढसान. तिच्या हातात मंग काय देसान, ते ठरवून या." पोरं चहा न घेता गेली.

पण त्यांचं स्वतःचंही समाधान झालेलं नव्हतं. दोन-चार दिवसांनी त्यांनी मंदाला ओट्यावर बसवलं. मी तिथंच मेथी निवडत होते. बाई म्हणाल्या, देवीच्या तोंडून तू जे बोललीस ते तुझंच आहे, तर ते तुझ्या तोंडून बोल. मंदा घाबरली. म्हणाली, मी नाटक नाही करत, आत्या, खरंच येते. बाई म्हणाल्या, नाटक करतेस असं मी कधी म्हटलंच नाही. पण बोलणं तुझं आहे. मंदानं माझ्यापुढची मेथीची जुडी ओढून घेतली. मग म्हणाली, "मी बोलली तं कोण आयकते, आत्या? भाजीत मीठ कमी टाकू का, हे बी माह्या मनानं नाई होत. देवी बोलली तं पोरगी शिकाले गेली. तुमी सांगा, मी काय करू?"

मुख्याध्यापकांना घाम फोडणारी, भटजींना अडवणारी ही बाई, आणि चौथी शिकलेल्या मंदासमोर गप्प बसली होती. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. मंदा गेल्यावर त्या म्हणाल्या, "जे देवाच्या नावानं भेटते त्याचं भेव वाटते मले. देवाचा माणूस कवाही येते अन् वापस नेते."

तसंच झालं. होळीच्या आसपास ढाबेवाल्याकडचे पुन्हा विचारायला लागले. देवी नाही म्हणते हे सांगायची गजाननभाऊला लाज वाटली असावी, किंवा शंका आली असावी. तो हिंगणघाटकडच्या एका महाराजाकडे गेला. महाराजानं सगळं ऐकून सांगितलं, की देवी असं कोणाच्या सोयरिकीत पडत नसते. तुझ्या बायकोच्या अंगात येते ती देवी नाहीच. विहिरीत जीव दिलेली कोणी बाई आहे, तीच पोरीचं लग्न होऊ देत नाही. ती काढावी लागेल.

ही गोष्ट गल्लीत पसरली आणि मला आमच्याच बायकांची शरम वाटली. अष्टमीला जिच्या पायाचं पाणी डोळ्याला लावत होत्या, तिच्या हातचं विरजण घेणं त्यांनी बंद केलं. मुलांना तिच्या फाटकापाशी खेळू देईनात. मंदा दिसली की पदर सावरून पलीकडून जायच्या. मंदा आधीच अबोल, ती पार मिटून गेली. रोशनीला फोन करून बोलावून घ्यायचं, असं गजाननभाऊ म्हणायला लागला.

झाडेबाई त्याच्याकडे गेल्या. अशा बुवाबाजीविरुद्ध कायदा आहे, तुलाही आत टाकतील, असं सांगून आल्या. तो म्हणाला, आत्या, तुमचा मान आहे, पण घरच्या गोष्टीत पडू नका. मग बाई पोलिसात जायला निघाल्या, तर मंदाच आडवी आली. पोलीस येऊन जातील, मला याच घरात राहायचं आहे की नाही, असं ती म्हणाली. बाई चप्पल काढून परत बसल्या. शेवटी ठरलं ते एवढंच, की त्या दिवशी आत्या शेजारी बसेल. बाईंनी महाराजाला विचारायचे प्रश्न मात्र मनात तयार करून ठेवले होते. मला त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवले आणि प्रश्न खरोखर बिनतोड होते.

पौर्णिमेला सकाळीच महाराज आला. पांढरा लेंगा, गळ्यात माळा, सोबत दोन माणसं. मधल्या खोलीत लिंबं, नारळ, लोभानाचा धूर. मंदाचे केस सोडायला लावले. गल्ली दाराखिडक्यांत कोंबली होती, मीही दारात होते. झाडेबाई सरळ आत गेल्या आणि मंदाच्या शेजारी मांडी घालून बसल्या. महाराजानं हरकत घेतली तेव्हा त्यांनी मोबाइल काढून पुढे ठेवला. "पोलिसाईचा नंबर लावून ठेवला हाये. तुमाले जे इचारायचं ते इचारा. तिले हात लागला का मी बटन दाबीन." गजाननभाऊ खाली बघत राहिला. महाराजानं वेताची छडी जमिनीवर आपटली.

"बोल. कोण हायेस तू? नाव सांग."

झाडेबाईंनी तोंड उघडलं. पण मंदानं त्यांच्या मांडीवर हात ठेवून दाबला.

"मंदा," ती म्हणाली.

महाराज हसला. अंगात शिरलेलं पहिल्यांदा खोटंच नाव सांगतं, असं त्यानं जमलेल्यांना समजावलं आणि छडी पुन्हा आपटली. कोणाची आहेस, कुठून आलीस?

"अल्लीपूरच्या नामदेव काळ्याची पोरगी. लगन करून आली."

आवाज देवीचा नव्हता. विरजण मागायला यायची तेव्हाचाही नव्हता. महाराजाचं ठरलेलं विचारणं असतं, ते तो पुढे रेटत राहिला. काय पाहिजे तुला?

"रोशनी शिकली पाह्यजे. तिचं लगन आत्ता नाई करायचं."

"हे घर सोडून जाशील का नाई?"

मंदानं मान वर केली. "नाई. माहं घर हाये. मी काऊन जाऊ?"

 

ही फारच हट्टी आहे, असं म्हणून महाराजानं छडी उचलली. झाडेबाईंचं बोट मोबाइलवर गेलं, पण त्याआधी गजाननभाऊ मधे आला. "राहू द्या, महाराज," म्हणाला. का म्हणाला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. भूत निघालं असतं तर मार त्याला खपला असता. पण सगळ्या गल्लीसमोर त्याची बायको बोलली होती, बापाचं नाव सांगून, आणि बायकोवर परक्या माणसाची छडी पडताना त्याला बघवेना. झाडेबाईंनाही कारण तेच वाटत होतं. हे काही फार मोठं परिवर्तन नाही असं त्या नंतर म्हणाल्या, पण मिळालं ते घ्यावं. महाराज नारळ तेवढा उचलून गेला. रोशनी नागपूरलाच राहिली.

त्या संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, इतके प्रश्न तयार केले होते, एकही विचारला नाहीत? त्या चहाचा कप हातात तसाच धरून होत्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना मी तसं पहिल्यांदाच बघत होते.

"तू कोण हायेस, तुले काय पाह्यजे, हे मी तिले इचाराले पाह्यजे होतं. मी नुसती सांगत राह्यली, असं बोल अन् तसं बोल. इचारलं त्या बुवानं. अन् तिनं जवाब देला."

पुढच्या नवरात्रात अष्टमीला बायकांनी सवयीनं लिंबं-नारळ तयार ठेवले होते. आरती झाली. मंदानं घरी घट बसवले होते, पूजा केली होती, ती आजही माझ्याइतकीच देव मानते. पण अंबाडा काही सुटला नाही. तिनं सगळ्यांना प्रसाद वाटला आणि ती घरी गेली. बायकांची निराशा झाली. तुमच्यामुळे आमची देवी गेली, असं एकीनं झाडेबाईंना तोंडावर सांगितलं. मला वाटलं आता भाषण होणार. पण बाई म्हणाल्या की त्यांनाही चुकल्यासारखं झालं, बोलायची मात्र फार छान. आणि त्या हे मनापासून म्हणाल्या.

माघात त्या गेल्या. सकाळी दार उघडलं नाही म्हणून आम्ही बघितलं तर झोपेतच गेलेल्या. त्यांनी लिहून ठेवलं होतं त्याप्रमाणे कोणतेही विधी केले नाहीत. मी घरी माझ्या देवापुढे दिवा लावला, ते त्यांना चाललं असतं की नाही हे मला माहीत नाही.

त्याआधी पौषातली एक दुपार मला आठवते, कारण त्या आठवल्या की मला त्या दुपारच्याच दिसतात. मी कपडे वाळत घालत होते. समोर ओट्यावर त्या आणि मंदा ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गजाननभाऊ दुकानातून लवकर आला होता. गाडी लावून तो ओट्यापाशी आला आणि झाडेबाईंना म्हणाला, की रोशनीला कॉलेजवाले प्रॅक्टिकलसाठी पुण्याच्या दवाखान्यात पाठवत आहेत, लांब आहे, एकटी पोरगी, पाठवावं की नाही?

"मले कायले इचारता?" बाई म्हणाल्या आणि हनुवटीनं मंदाकडे दाखवलं.

गजाननभाऊ अवघडला. मग बायकोकडे वळून त्यानं तेच विचारलं. पाठवायचं का?

मंदानं हातातली शेंग मोडली, दाणे पातेल्यात टाकले. "जाणार रोशनी हाये. तिले इचारा नं," ती म्हणाली.

झाडेबाई हसायला लागल्या. मोठ्यानं, मान मागे टाकून, मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या तरी हसत राहिल्या. गजाननभाऊनं खिशातून मोबाइल काढून पोरीचा नंबर लावला.